शहरावर बॉम्ब टाकावा का? सोसायटीच्या हॉलमध्ये ही चर्चा नीट घडवण्याची पद्धत

हिरोशिमाचं नाव निघालं की पाच मिनिटांत खोलीत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, "बॉम्ब पडला नसता तर युद्ध संपलंच नसतं." दुसऱ्याचं, "लहान पोरांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?" मग पुढचा दीड तास हीच दोन वाक्यं आवाज चढवून म्हटली जातात, चहा येतो आणि सगळे घरी जातात. ठाणे आणि नवी मुंबईत वाचनकट्टे, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांचे अभ्यासगट, कॉलेजांची वादविवाद मंडळं भरपूर आहेत, आणि ऑगस्ट उजाडला की हा विषय कुठे ना कुठे निघतोच. तो कामाचा व्हावा म्हणून ही पद्धत देत आहोत. तिचं सूत्र एकच आहे: माणसानं नियम आधी लिहायचा, शहराचं नाव त्याला नंतर कळायचं. नाव आधी कळलं की आपण नियम लिहीत नाही, बाजू घेतो.

माणसं, वेळ, सामान

18 ते 24 माणसं असावीत, म्हणजे चार ते सहा जणांचे चार गट होतात. 12 पेक्षा कमी असतील तर दोनच गट करा. 30 च्या वर गेली तर मागची रांग मोबाईलमध्ये शिरते, तेव्हा दोन वेगळे रविवार ठेवा. वेळ अडीच तास, रविवारी सकाळी 10 ते 12.30. संध्याकाळ नको, माणसं दमलेली असतात आणि साडेआठला घरचं जेवण डोळ्यांसमोर येतं. 6 ऑगस्ट हा दिवसही टाळा. त्या दिवशी प्रत्येक जण हिरोशिमा डोक्यात घेऊन येतो आणि बाकीची शहरं चर्चेतून निघून जातात. फेब्रुवारी-मार्च चांगले.

सामान थोडं आहे, पण नेमकं हवं. प्रत्येक गटाला ए-थ्री कागदावर आपल्या भागाचा एक नकाशा, 1 किलोमीटरला 3 सेंटिमीटर या मापाचा. भूमितीचा कंपास, पट्टी, दोन रंगांची स्केचपेनं, अर्धा मीटर दोरा. पोस्टकार्डाएवढी पाच कार्डं, प्रत्येक कार्ड बंद लिफाफ्यात. माणशी दोन कोऱ्या चिठ्ठ्या. एक फळा. नकाशावर मापाची रेघ छापलेली असू द्या, आणि झेरॉक्सवाल्याला "फिट टू पेज" करू नका असं बजावून सांगा. ते केलं की माप बिघडतं आणि पुढची सगळी वर्तुळं खोटी पडतात. छापून आल्यावर पट्टी लावून बघा: 1 किलोमीटरची रेघ 3 सेंटिमीटर भरलीच पाहिजे.

फोटो लावू नका. जळालेल्या देहांची चित्रं भिंतीवर लागली की समर्थन करणारा माणूस तोंड उघडत नाही, आणि त्याचं म्हणणं खोलीत न येताच चर्चा संपते. ते म्हणणं यायला हवं. त्यात बरंच तथ्य आहे.

पहिली चिठ्ठी

सुरुवातीची दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं एक वाक्य पूर्ण करायचं: "युद्धात शहरावर बॉम्ब टाकणं तेव्हाच चालेल, जेव्हा..." किंवा "कधीच चालणार नाही, कारण..." एकच वाक्य, जास्तीत जास्त 25 शब्द, कुठल्याही देशाचं नाव नाही. खाली आद्याक्षरं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे "गरज असेल तर" आणि "शेवटचा उपाय म्हणून" असे शब्द. ऐकायला ठीक वाटतात, पण आत काही नसतं. चिठ्ठ्या गोळा करण्याआधी संयोजकानं फिरून बघावं आणि असे शब्द दिसले की एवढंच विचारावं: गरज कुणाची? ती ठरवणार कोण? ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी त्याला काय माहीत होतं? माणूस आपसूक वाक्य बदलतो.

कार्डं कशी लिहावीत

कार्डावर देश, शहर, वर्ष, सेनापती यांची नावं नसतात. त्या दिवशी निर्णय घेणाऱ्याला जे माहीत होतं तेवढंच असतं. मृतांचा आकडा कधीही लिहू नका. तो नंतर कळलेला असतो. नमुन्यादाखल एक कार्ड पूर्ण देतो.

"तुमचा देश युद्धाच्या चौथ्या वर्षात आहे. शत्रूनं तुमच्या राजधानीवर महिनोन्‌महिने बॉम्ब टाकून हजारो नागरिक मारलेत. तुमच्या वैमानिकांना रात्रीच्या अंधारात कारखाना नेमका टिपता येत नाही, अख्खं शहर मात्र टिपता येतं. समोर एक बंदराचं शहर आहे, तिथे पाणबुड्या बांधतात. योजना अशी आहे: नेम दाट वस्तीवर धरायचा. मोठ्या स्फोटक बॉम्बनी छपरं आणि खिडक्या उडवायच्या, सोबत आगलावे बॉम्ब टाकायचे, म्हणजे आग घरात शिरेल. काही बॉम्ब उशिरा फुटणारे, म्हणजे अग्निशमनवाले रस्त्यावर यायला धजणार नाहीत. उन्हाळा आहे, हवा कोरडी आहे. परवानगी द्याल?"

हे जर्मनीतलं हॅम्बुर्ग आहे, जुलै 1943. 27 जुलैच्या रात्री तिथे वेगवेगळ्या आगी एक होऊन वणव्यासारखं वादळ उठलं. त्या दिवसांतल्या सगळ्या हल्ल्यांत मिळून सुमारे 37,000 ते 40,000 माणसं गेली. पुष्कळ जण तळघरात बसल्या जागी विषारी वायूनं आणि उष्णतेनं मेले. त्यांना ज्वाळा शिवल्यासुद्धा नव्हत्या. हे सगळं नावाबरोबर, नंतर सांगायचं.

हे कार्ड हाताशी असताना गटाला एक प्रश्न विचारा. आमच्या मते अख्ख्या विषयातला सगळ्यात धारदार प्रश्न हाच आहे: समजा चमत्कार झाला आणि त्या रात्री एकही नागरिक मेला नाही, एकाचंही घर जळलं नाही, तर योजना आखणारा खूश होईल की योजना फसली म्हणेल? तेलाच्या कारखान्यावर किंवा रेल्वेच्या पुलावर बॉम्ब टाकणारा खूश होईल. त्याला पूल पाडायचा होता, माणसं मधे आली. हॅम्बुर्गचा आखणारा मात्र म्हणेल की मोहीम वाया गेली. कारण ब्रिटिश विमानदलाला 14 फेब्रुवारी 1942 ला दिलेल्या आदेशातच लिहिलं होतं की मुख्य लक्ष्य शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य हे आहे. म्हणजे लोकांची होरपळ ही अपघाती झळ नव्हती, तेच हत्यार होतं. झळ आणि हत्यार हा फरक तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसनं स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना मांडला आणि आजही युद्धनीतीची बरीच चर्चा त्याच्याभोवती फिरते. पण गटाला अक्वायनस सांगायची गरज नाही. चमत्काराचा प्रश्न पुरतो.

मात्र हा प्रश्न बॉम्ब टाकणाऱ्याला पळवाट म्हणूनही वापरता येतो, हे संयोजकानं ओळखून असावं. "माझा हेतू पुलाचा होता" म्हणत कुणी पुलाभोवतीचे दोन मोहल्ले साफ करेल. म्हणून लगेच दुसरा प्रश्न जोडायचा: नागरिकांना वाचवण्यासाठी तुम्ही स्वतःचा किती धोका पत्करलात? दिवसा गेलात का, खाली उतरलात का, इशारा दिलात का? ज्यानं काहीच पत्करलं नाही, त्याचा हेतू तोंडाचाच.

दुसरं कार्ड 1940-41 च्या हिवाळ्यातल्या ब्रिटनचं करा. फ्रान्स पडला आहे, अमेरिका युद्धात नाही, जर्मनीपर्यंत पोचणारं एकच साधन म्हणजे बॉम्बफेकी विमान. हरलात तर पुढे नाझी राजवट. अमेरिकन विचारवंत मायकल वॉल्झर यांनी अशा वेळेला "सर्वोच्च आणीबाणी" म्हटलं आणि तेवढ्यापुरती मुभा मान्य केली, पण पुढे रशिया आणि अमेरिका युद्धात उतरल्यावर, आणि पारडं फिरल्यावर, ती मुभा संपली असंही ठणकावलं. हे कार्ड ज्या गटाला मिळतं त्याला प्रामाणिकपणे "नाही" म्हणणं फार जड जातं. जड गेलंच पाहिजे.

तिसरं कार्ड टोकियोचं, 9-10 मार्च 1945 ची रात्र. लाकडी घरं, जोराचा वारा, कमी उंचीवरून येणारी 279 विमानं, पेट्रोलच्या जेलीनं भरलेले आगलावे बॉम्ब. इथलं समर्थन वेगळं आहे: जपानी लोक घराघरात युद्धसामग्रीचे सुटे भाग बनवतात, म्हणजे घर हाच कारखाना. हे कार्ड वाचून कुणी पटकन मान डोलावली तर भिवंडी समोर ठेवा. तिथे खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी गल्लीच्या गल्ली असते. त्या मागावर उद्या सैनिकांच्या गणवेशाचं कापड निघालं तर वरच्या मजल्यावर झोपलेलं बाळ लक्ष्य ठरतं का? आणि माग चालवणारा बाप? तो मागावर असताना एक उत्तर आणि अंथरुणात असताना दुसरं, असं म्हणता येईल का? इथे गटाला भरपूर वेळ द्या. "कामगार" आणि "सैनिक" यांच्यातली रेघ कुठे ओढायची हे इथेच ठरतं.

चौथं कार्ड मुंबई गोदीचं. 14 एप्रिल 1944, फोर्ट स्टिकीन जहाज, पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्याच जहाजावर कापसाच्या गासड्या. आग लागली, दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. अग्निशमन दलाचा स्मृतिदिन त्याच तारखेला पाळतात. हा हल्ला नव्हताच, आणि म्हणूनच कार्ड ठेवायचं. मरण तेच, आगही तशीच, मग आपल्याला राग वेगळा का येतो? हेतू हा शब्द कुणीही न उच्चारता खोलीत येतो.

पाचवं कार्ड जपून हाताळा. "देशाच्या एका कोपऱ्यातल्या डोंगराळ शहराचा ताबा सशस्त्र बंडखोरांनी घेतला आहे, स्वातंत्र्य जाहीर केलं आहे, तुमच्या जवानांची चौकी वेढली गेली आहे. विमानं पाठवाल?" लिफाफा उघडला की आत आजच्या मिझोराममधलं ऐझॉल निघतं, 5 मार्च 1966, आणि विमानं भारतीय हवाई दलाची. माणसं एकदम गप्प होतात. त्यांना सावरायला दोन मिनिटं द्या, पण कार्ड वगळू नका. स्वतःच्या देशाचं एकही उदाहरण नसलेली नीतीची चर्चा म्हणजे शेजाऱ्याच्या घराची झडती.

हिरोशिमाचं कार्ड करायचं नाही. कितीही नावं झाका, पहिल्या ओळीतच ओळखू येतं.

लिफाफे उघडल्यावर

प्रत्येक गटाला कार्डासाठी 25 मिनिटं. त्यात निर्णय आणि एका वाक्यात कारण. दोन गटांना एकच कार्ड दिलं तरी चालेल, उलट बरंच. नावं उघड झाली की पुढची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची असतात, कारण निर्णय फिरवायची ओढ तेव्हा लागते. "अरे, हे जर्मनी होतं होय! मग ठीक आहे." या क्षणी फळ्यावर मूळ निर्णय लिहून ठेवा आणि विचारा: नाव कळल्यानं नेमकी कुठली माहिती वाढली? नाझींचा गुन्हा वाढीव माहिती आहे हे खरं. पण त्याच्या शिक्षेचा भाग तळघरातल्या आजीबाईला का, हेही सांगावं लागेल.

काही वाक्यं दर वेळी येतात, त्यांची तयारी ठेवा.

"त्यांनी सुरुवात केली." बरोबर आहे. जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले ती शहरं: स्पेनमधलं गेर्निका 26 एप्रिल 1937, वॉर्सा 1939, रॉटरडॅम 14 मे 1940, मग लंडन आणि कोव्हेंट्री. पण हे सूडाचं कारण झालं, परवानगीचं नाही. ज्यानं सुरुवात केली तो आणि जो मेला तो एकच माणूस होता का, एवढंच विचारा.

"युद्धात सगळं चालतं." या माणसाशी वाद घालू नका. त्याला विचारा, विहिरीत विष कालवणं चालेल? शरण आलेल्या कैद्याला मारणं? तो नव्वद टक्के वेळा "नाही, तसं नाही" म्हणतो. म्हणजे रेघ आहे, हे त्यानंच मान्य केलं. आता ती कुठे आहे ते शोधायचं.

"बॉम्बफेकीनं युद्ध लवकर संपलं." हे तपासता येतं, म्हणून त्यावर वेळ घाला. जर्मनीचं शस्त्रांचं उत्पादन शहरं जळत असतानाही वाढत होतं आणि 1944 च्या मध्यात शिगेला पोचलं. लोकांनी बंड केलं नाही. दुसऱ्या बाजूनं, विमानविरोधी तोफा आणि लढाऊ विमानं जर्मनीला रणांगणावरून काढून घरच्या रक्षणाला लावावी लागली, हाही परिणामच. दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एकच लिहिलीत तर तुम्ही चर्चा चालवत नाही, प्रचार करता.

आकड्यांबाबत कडक राहा. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात बॉम्बफेकीत दोन लाख मेले असं कुणीतरी म्हणेलच. तो आकडा नाझी प्रचारातून आला. शहरानं नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीनं 2010 मध्ये जास्तीत जास्त 25,000 असा निष्कर्ष दिला. 25,000 हा आकडा लहान नाही. फुगवलेला आकडा खोटा ठरला की ऐकणारा खरी पंचवीस हजार माणसंही विसरतो, नुकसान ते असतं. तसंच "जपानवर चढाई केली असती तर दहा लाख अमेरिकन मेले असते" हे वाक्य. 1947 च्या लेखात अमेरिकेचे माजी युद्धमंत्री स्टिम्सन यांनी दिलेला दहा लाखांहून अधिक हा आकडा मृत आणि जखमी मिळून होता, आणि युद्धकाळातले अंदाज एकमेकांशी जुळत नव्हते.

गाझा, युक्रेन आणि आपली सीमा हे विषय निघणारच. भिंतीवर एक वेगळा कागद लावा, तिथे ते लिहून ठेवा, दुसऱ्या चिठ्ठीच्या आधीच्या वीस मिनिटांत घ्या. आधी घेतलेत तर सकाळची बातमी सगळी चर्चा खाऊन टाकते.

नकाशा

नकाशा आधी काढू नका. स्वतःच्या गल्लीवर वर्तुळ पडलं की माणूस घाबरून "कधीच नाही" लिहितो, आणि भीतीनं लिहिलेला नियम पुढच्या महिन्यात टिकत नाही. म्हणून नकाशा कार्डांनंतर.

ठाणे स्टेशन हे केंद्र धरा. पहिलं वर्तुळ 1.6 किलोमीटरचं, म्हणजे कंपास 4.8 सेंटिमीटर. हिरोशिमात जवळजवळ सर्वनाश झाला तो साधारण एवढ्या त्रिज्येत. तलावपाळी, गावदेवी, नौपाडा, कोपरी, तीन हात नाका सगळं आत येतं. दुसरं वर्तुळ टोकियोचं. तिथे एका रात्रीत सुमारे 41 चौरस किलोमीटर जळालं आणि मृतांचा नेहमी दिला जाणारा अंदाज एक लाखाच्या आसपास आहे. 41 चौरस किलोमीटरचा गोल केला तर त्रिज्या 3.6 किलोमीटर, कागदावर 10.8 सेंटिमीटर. शाळेचा कंपास एवढा उघडताना घसरतो, दोरा वापरा. कळवा, माजिवडा, मुलुंड स्टेशन आत. अणुबॉम्बचं वर्तुळ साध्या बॉम्बच्या वर्तुळापेक्षा लहान निघालं की टेबलावर कुजबुज सुरू होते. ती होऊ द्या. "अणुबॉम्ब वाईट, बाकी युद्ध ठीक" ही समजूत इथे मोडते.

तिसरं वर्तुळ काढायला दोरा 24 सेंटिमीटर लांब धरा. पेन कागदाच्या बाहेर टेबलावर जातं. हेच दाखवायचं आहे. ब्रिटिश विमानांचा नेम किती लागतो यावरच्या ऑगस्ट 1941 च्या बट अहवालानं हवाई छायाचित्रं तपासून सांगितलं की लक्ष्यावर हल्ला केला अशी नोंद करणाऱ्या विमानांपैकी तीनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. पाच मैल म्हणजे 8 किलोमीटर. ठाणे स्टेशनवर नेम धरला तर भांडुप, ऐरोली, रबाळे, मुंब्रा हे सगळं "नेमक्या" हल्ल्यात मोडतं, आणि उरलेली दोन विमानं त्याच्याही पलीकडे. ब्रिटिश सरकारपुढे दोन वाटा होत्या: नेम सुधारेपर्यंत थांबायचं, किंवा जे टिपता येतं त्यालाच लक्ष्य म्हणायचं. दुसरी वाट निवडली. साधन कमी पडलं म्हणून ध्येय बदललं, आणि मग त्या बदललेल्या ध्येयाला साजेशी कारणं शोधली गेली. हे गटाच्या लक्षात आणून द्या.

नवी मुंबईत वाशी स्टेशन केंद्र घेऊ नका. वर्तुळाचा मोठा भाग खाडीत पडतो आणि नुकसान उगाच कमी वाटतं. तुर्भे किंवा नेरूळ घ्या. तुर्भे घेतलंत तर औद्योगिक पट्टा आणि वस्ती एकमेकांना किती चिकटून आहेत तेही दिसतं, भिवंडीचा मुद्दा परत सांगावा लागत नाही.

एक कडक सूचना. नकाशावर खरी लष्करी ठिकाणं, प्रकल्प, पूल "लक्ष्य" म्हणून कुणी दाखवू लागला तर तिथेच थांबवा. आणि वर्तुळं काढलेल्या नकाशाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू देऊ नका. मागचा-पुढचा संदर्भ नसलेलं ते चित्र तासाभरात "ठाण्यावर हल्ल्याची शक्यता" होऊन फिरतं.

हिरोशिमा

आता हिरोशिमा घ्या, 30 मिनिटं. 1945 च्या तारखा फळ्यावर लिहा: 25 जुलैचा अणुबॉम्ब टाकण्याचा लेखी आदेश, 6 ऑगस्टला सकाळी 8.15 हिरोशिमा, 8 ला रशियाची जपानविरुद्ध युद्धघोषणा, 9 ला नागासाकी, 15 ला सम्राटाचं भाषण. आणि खाली मोठ्या अक्षरात: जपानच्या क्यूशू बेटावरची नियोजित चढाई 1 नोव्हेंबर. म्हणजे 6 ऑगस्टला बॉम्ब किंवा उद्या सकाळी चढाई अशी निवड नव्हती. मधे बारा आठवडे होते. त्या बारा आठवड्यांत काय करता आलं असतं? निर्जन जागी प्रात्यक्षिक करा, असं अणुबॉम्बच्या प्रकल्पातल्याच, फ्रँक अहवाल लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी जूनमध्येच सुचवलं होतं. सम्राटपदाला हमी देता आली असती. रशियाची वाट पाहता आली असती. नाकेबंदी चालू ठेवता आली असती. पण नाकेबंदी म्हणजे उपासमार, आणि उपासमारीत आधी मूल जातं, मग सैनिक. हा पर्याय "स्वच्छ" म्हणून कुणी मांडला तर हे सांगा. आणि त्या प्रत्येक आठवड्यात चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जपानी ताब्याखाली माणसं मरतच होती, हेही. समर्थनाचा सगळ्यात बळकट मुद्दा हाच आहे, आणि तो विरोधकानं मांडावा.

नागासाकीला वेगळा प्रश्न म्हणून घ्या. 25 जुलैच्या आदेशात पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत असं होतं, म्हणून नागासाकीसाठी वेगळा निर्णय झालाच नाही. त्या दिवशीचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. तीन दिवसांत जपानी सरकारला काय घडलं ते कळायला तरी वेळ मिळाला का? पहिल्या बॉम्बचे समर्थकही इथे अडखळतात.

दोन विरोधी आवाज आवर्जून वाचा. ऑक्सफर्डनं 1956 मध्ये, बॉम्ब टाकले तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचं ठरवलं तेव्हा तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम यांनी जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं, निष्पाप माणसांना मारणं हे साधन म्हणून निवडणं म्हणजे खूनच. आणि युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमत निकालपत्रात अणुबॉम्बच्या निर्णयाची तुलना नाझी नेत्यांच्या आदेशांशी केली.

कायदा आणि आपली परंपरा

कायद्याला दहा मिनिटं पुरेत. 1907 च्या हेग नियमांत असंरक्षित शहरांवर मारा करायला बंदी होती. विमानांसाठीचे 1923 चे नियम मसुद्यातच राहिले. आज जे स्पष्ट कलम आहे ते 1977 च्या जिनिव्हा पहिल्या पुरवणी करारातलं: एका शहरातली वेगवेगळी लष्करी ठिकाणं एकच लक्ष्य समजून सरसकट बॉम्ब टाकणं बेकायदा. भारत 1949 च्या जिनिव्हा करारांत आहे, या पुरवणी करारात नाही. 1945 च्या माणसाला 1977 चं कलम लावू नका, पण "तेव्हा कायदा नव्हता म्हणून नीतीही नव्हती" हेही चालू देऊ नका. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल फेब्रुवारी 1944 मध्येच, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश संसदेत या बॉम्बफेकीविरुद्ध बोलले होते. खुद्द ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांनी मार्च 1945 च्या टिपणीत दहशतीसाठी चालवलेल्या बॉम्बफेकीचा फेरविचार करावा असं लिहिलं आणि अधिकाऱ्यांच्या आक्षेपानंतर ती मवाळ केली.

आपल्याकडे कुणीतरी महाभारतातले धर्मयुद्धाचे नियम काढतं, कुणी शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र. दोन्हीचं स्वागत करा, पण तपासून घ्या. महाराजांचं ते पत्र स्वतःच्या रयतेला सैन्याचा उपद्रव होऊ नये म्हणून आहे. शत्रूच्या शहराबद्दल ते बोलत नाही. भीष्मपर्वातले नियम रणांगणावरचे: सारथी, शंख-भेरी वाजवणारे, लढाईतून बाहेर पडलेले यांना मारू नये. शहराच्या प्रश्नाला खरं भिडतं ते सौप्तिकपर्व. अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांवर तुटून पडतो आणि शेवटी अस्त्र उत्तरेच्या गर्भावर वळवतो. त्याच्याकडेही कारण होतं, बापाचा अधर्मानं झालेला वध. "त्यांनी सुरुवात केली" या वाक्याचं याहून जुनं आणि याहून भेदक उत्तर आम्हाला माहीत नाही.

दुसरी चिठ्ठी

शेवटची दहा मिनिटं पुन्हा शांत. पहिली चिठ्ठी परत न बघता प्रत्येकानं तेच वाक्य नव्यानं लिहायचं, आणि खाली एक ओळ वाढवायची: "हा नियम माझ्या शहरावर विमान आलं तरी मला मान्य आहे / नाही." विमानं इथे यायची नाहीत असं कुणी म्हटलं तर एप्रिल 1942 चं विशाखापट्टण आणि डिसेंबर 1942 चं कलकत्ता सांगा. मग दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून ज्यांना वाटेल त्यांनी वाचाव्यात. सक्ती नको. निवृत्त सैनिक किंवा त्यांच्या घरचं कुणी असेल तर त्यांना "काका, तुम्हीच सांगा" म्हणून पुढे ढकलू नका. बोलायचं असेल तर ते बोलतील.

मत मोजू नका. हात वर करायला लावले की हरलेली बाजू पुढच्या बैठकीला येत नाही. नकाशे गोळा करून फाडून टाका. कार्डं पुन्हा लिफाफ्यांत भरा. चिठ्ठ्यांच्या जोड्या स्टेपल करून, वर तारीख घालून संयोजकाकडे ठेवा, आणि सहा महिन्यांनी त्याच माणसांना बोलावून ज्याची त्याच्या हातात परत द्या.